डिसेंबरात भरलेली आल्याची बिअर होळीला का फुटते

तीन वर्षं ओळीने आमच्या घरी होळीच्या आसपास बाटल्या फुटल्या. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एकाच रात्री चार. भर मे महिन्यात, नवतपा तापत असताना, एकही नाही. मला याचाच उलगडा होत नव्हता. ज्या नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे बाटली फुटायची तर मेमध्ये फुटावी. मार्चमध्ये, रात्री अजून पंखा एकवर ठेवून झोपतो तेव्हा, का फुटते?

आता कारण कळलं आहे आणि गेली दोन वर्षं एकही बाटली गेलेली नाही. ज्यांच्या घरी हेच होतं त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते. पण आधी एक सांगते. मागच्या थंडीत भरलेली एखादी बाटली तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली किंवा बाल्कनीतल्या खोक्यात पडलेली असेल, तर तिला आत्ता हात लावू नका. तिचं काय करायचं ते खाली आहे. ते वाचा, मग उठा.

मी करते ती आल्याची बिअर. नावात बिअर असली तरी त्यात माल्ट नाही, हॉप्स नाहीत. आलं, साखर, लिंबू, पाणी आणि आल्याचं विरजण, एवढंच. किसलेलं आलं आणि साखर रोज चमचा-चमचा पाण्यात घालत गेलं की पाच-सात दिवसांत ते फसफसायला लागतं, त्याला मी विरजण म्हणते. खरी बिअर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि त्या वाटेला मी जात नाही. मात्र आल्याची बिअर आंबतानाही थोडा मद्यार्क तयार होतो, हे मी कोणापासून लपवत नाही. गॅस धरेपर्यंत आंबवून लगेच फ्रिजमध्ये टाकली तर साधारण अर्धा ते पाऊण टक्का. बाहेर दोन-दोन महिने राहिली तर तो आकडा कितीतरी पुढे जातो, आणि मग ती दारूच झाली, तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. लहान मुलांना आणि गरोदर बायांना मी ती देत नाही. ज्यांना मद्यार्क चालत नाही त्यांना पेला हातात देण्याआधी सांगते. त्यामुळे बाटली कुठे आणि किती दिवस ठेवायची हा प्रश्न काच फुटण्यापुरता नाही. आत काय तयार होतंय त्याचाही आहे.

तिसऱ्या वर्षीची ती रात्र सांगते. आम्ही त्रिमूर्तीनगरला सर्वात वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातून धडाका ऐकू आला. सिलिंडरच्या भीतीने मी धावत जाऊन आधी रेग्युलेटर बंद केला. पाच-सात मिनिटांनी वर माळ्यात दुसरा आवाज, आणि मग लागोपाठ दोन. माळ्याचं दार उघडायची हिंमत झाली नाही, आणि तेच बरं झालं. सकाळी सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून वर बघत होत्या. "काऊन वं, माळ्यातून काय गळून राहिलं?" दाराच्या फटीतून चिकट पाणी भिंतीवर उतरलं होतं आणि त्याच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. दार उघडलं तर पुठ्ठ्याचं खोकं तळाशी भिजून मऊ पडलेलं. बाटल्यांची बुडं मी मांडली होती तशीच उभी होती, वरचे खांदे आणि माना नव्हत्या. नखाएवढा काचेचा एक तुकडा माळ्याच्या दाराच्या प्लायमध्ये आतून रुतून बसला होता. तो मी चिमट्याने ओढून काढला. रोज संध्याकाळी मोठं पातेलं काढायला मी ते दार उघडते आणि तेव्हा माझा चेहरा बरोबर त्या उंचीवर असतो. त्या दिवशी ठरवलं, कारण सापडेपर्यंत एकही नवी बाटली भरायची नाही.

पहिल्या वर्षी मी दोष बाटलीला दिला होता. भंगारवाल्याकडून घेतलेल्या ६५० मिलीच्या बिअरच्या बाटल्या होत्या, कधीपासून किती हात फिरल्या कोणास ठाऊक. हा संशय पूर्ण चुकीचा नव्हता. ज्या बाटलीच्या अंगावर पांढरे घासलेले पट्टे असतात, किंवा तोंडावरून नख फिरवल्यावर कुठे अडकतं, ती बाटली दाबासाठी घेऊच नये. चौकोनी बाटल्या, ज्यूसच्या पातळ बाटल्या, शोभेच्या बाटल्या तर मुळीच नकोत. चौकोनी काच कोपऱ्यात तडकते. दुसऱ्या वर्षी मी तारेच्या क्लिपची बुचं असलेल्या नव्या, जाड बाटल्या आणल्या. त्याही फुटल्या. मग वाटलं जागा चुकली, बाल्कनीत उजेड आणि ऊन येतं. म्हणून तिसऱ्या वर्षी खोकं अंधारात, माळ्यावर चढवलं. आणि तिथे चार गेल्या.

उत्तराचं टोक सापडलं ते माझ्या भाच्यामुळे. तो लंडनला असतो आणि तिथे खरी बिअर घरी करतो. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९६३ पासून परवाना लागत नाही. फोनवर त्याने विचारलं, "मावशी, बाटल्या कुठे ठेवतेस?" मी म्हटलं, रूम टेंपरेचरला, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. तो म्हणाला, "माझी रूम १८ अंश आहे. तुझी किती?" मला सांगता येईना. इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या खोलीचं तापमान धरून चालले होते.

सीताबर्डीवरून कमाल-किमान दाखवणारा साधा थर्मामीटर आणला आणि वर्षभर घरात फिरवला. आकडे आमच्या घराचे आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ओळखीचे वाटतील. एप्रिलच्या शेवटी, रात्री ९ वाजता, माळा ४१. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि माळा त्याला चिकटून असतो. घरातली सगळ्यात अंधारी जागा ती घरातली सगळ्यात गरम जागा निघाली. त्याच वेळी ओट्याखालच्या कपाटात, जमिनीलगत, ३५. उत्तरेकडच्या न्हाणीघराच्या फरशीवर ३३. बंद बाल्कनी दुपारी ४३. आणि डिसेंबरच्या शेवटी तीच बाल्कनी पहाटे ११, ओट्याखाली २०. या शहराने २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशही पाहिले आहेत. एवढ्या फरकात "खोलीचं तापमान" हा शब्द नागपुरात काही सांगत नाही.

थर्मामीटरसोबत वही सुरू केली आणि जुन्या बाटल्यांवरच्या तारखा आठवून लिहून काढल्या. तेव्हा दिसलं की फुटलेली प्रत्येक बाटली डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात भरलेली होती. त्या सगळ्यांची कहाणी एकच होती. चार दिवसांनी उघडून बघितली तर सरबतासारखी गोड, गॅस नाही. "थंडीमुळे धरली नाही, नंतर बघू" म्हणून बाकीच्या तशाच ठेवल्या आणि विसरले.

गॅस साखरेतून येतो. १ लिटरमध्ये साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की सुमारे १ लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारच्या बिअरमध्ये लिटरमागे अडीच लिटरच्या आसपास गॅस असतो, सोड्यात साडेतीन ते चार. माझ्या बाटलीत लिटरला १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे २५ लिटर गॅस होण्याइतकी. खऱ्या बिअरमध्ये बाटली भरताना आतली साखर बहुतेक संपलेली असते, वरून मोजून घातलेली सहा-सात ग्रॅम तेवढी उरते. ती आंबली की काम थांबतं. आपल्या आल्याच्या बिअरमध्ये ते आपोआप कधीच थांबत नाही. गोडी हवी म्हणून साखर ठेवलेली असते, आणि त्या साखरेला थोपवणारी एकच गोष्ट घरात असते, ती म्हणजे फ्रिजची थंडी.

डिसेंबरच्या गारव्याने मात्र ती थांबत नाही, फक्त सावकाश होते. चार दिवसांत जे झालं नाही ते जानेवारी-फेब्रुवारीत हळूहळू होत राहतं. समजा दोन महिन्यांत १०० पैकी २० ग्रॅम साखर आंबली. लिटरमागे ५ लिटर गॅस झाला. आता गारवा असेपर्यंत हा गॅस पाण्यात मुरलेला राहतो. १५ अंशांना १ लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाला साधारण १ लिटर कार्बन डायऑक्साइड धरतं. ३५ अंशांना जेमतेम ०.६ लिटर. म्हणजे तीच बाटली, तेवढाच गॅस, पण जानेवारीत आतला दाब हवेच्या साधारण पाचपट आणि मार्चच्या तापलेल्या माळ्यावर आठपट. गाडीच्या चाकात आपण ३०-३२ पीएसआय भरतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा दोन-सव्वादोन पट जादा. इथे सातपट जादा, तोही काचेत. शिवाय उन्हाळ्याची चाहूल लागली की विरजणातल्या, साखर आंबवणाऱ्या यीस्टचाही वेग वाढतो आणि उरलेली ८० ग्रॅम साखर आहेच.

मे महिन्यात काही फुटत नव्हतं याचंही कारण यातच आहे. मेमध्ये सकाळी भरलेली बाटली संध्याकाळपर्यंत गॅस धरते, ती बघून भीती वाटते आणि आपण ती लगेच फ्रिजमध्ये टाकतो. मग ती चार दिवसांत संपते. जोरात चालणारी बाटली आपलं लक्ष वेधून घेते, हळू चालणारी खोक्यात राहून जाते.

आत्ता माळ्यावर असलेल्या बाटलीचं काय करायचं

दुपारी किंवा रात्री काही करू नका. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की त्या बाजूला जायचं नाही, विशेषतः मुलांना. पहाटे पाच-साडेपाचला घर सगळ्यात गार असतं, तेव्हा उठा. दुचाकीचं हेल्मेट घाला, काच खाली. जाड जॅकेट आणि हातमोजे घाला. माळ्याचं दार दाराच्या आडोशाने उघडा आणि खोक्यावर आधी एक जाड गोधडी किंवा ओलं करून पिळलेलं पोतं पसरा. ते तसंच अर्धा तास राहू द्या. मग एकेक बाटली टॉवेलात पूर्ण गुंडाळून, न हलवता, न आपटता बादलीत उभी ठेवा. खोकं उचलू नका, तळ सुटतो.

टॉवेलासकट बाटल्या फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, पूर्ण २४ तास. दोन तासांत बाहेरची काच गार लागते, पण वरचा गॅस परत पाण्यात मुरायला वेळ हवा असतो. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, पाणी गोठून फुगतं आणि काच तशीही जाते. दुसऱ्या दिवशी बादलीत बाटली ठेवून, वर टॉवेल टाकून, तोंड आपल्यापासून लांब करून बूच अगदी किंचित सैल करा. फुस्स आवाज येईल, थांबा. क्लिपची बाटली असेल तर परत बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा. पत्र्याचं झाकण असेल तर ओपनरने एकच कड उचला आणि आवाज संपेपर्यंत पुढे जाऊ नका. आतलं ओतून द्या. तीन महिने बाहेर आंबलेल्या त्या पाण्यात किती मद्यार्क झाला ते आपल्याला कळत नाही.

बाटली भरल्यावर गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारायची युक्ती बऱ्याच ठिकाणी सुचवलेली दिसते. गॅस धरलेल्या काचेच्या बाटलीवर मी ती कधीच करणार नाही आणि तुम्हीही करू नका, असं कळकळीने सांगते. वर ३५ अंशांचं गणित बघितलं, ६० अंशांना पाणी त्याहून कितीतरी कमी गॅस धरतं. गॅसच्या शेगडीवर, तोंडासमोर, ते पातेलं ठेवायचं म्हणजे माळ्यावरचा प्रसंग ओट्यावर आणणं आहे.

पेटची बाटली

माझ्या घरातला सगळा बदल एका रिकाम्या सोड्याच्या बाटलीने घडवला. प्रत्येक खेपेला सहा काचेच्या बाटल्यांसोबत एक छोटी पेटची, प्लास्टिकची बाटली भरते. तेच पाणी, तेवढंच, वर तीन-चार सेंटिमीटर जागा सोडून. झाकण लावण्याआधी ती थोडी दाबून हवा काढून टाकते, म्हणजे तिच्या पोटाला खळगा पडतो. गॅस धरायला लागला की खळगा भरून निघतो. अंगठ्याने दाबून बघायचं. आधी पिकल्या आंब्यासारखी लागते, मग पेरूसारखी, आणि एकदा कैरीसारखी टणक लागली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. तासाभराचाही उशीर नाही. मेमध्ये आमच्याकडे याला १० ते १४ तास लागतात, पावसाळ्यात दीड दिवस, डिसेंबरात तीन ते पाच दिवस. म्हणून मी आता दिवस मोजत नाही, अंगठ्याने ठरवते. मेमध्ये भरायचीच तर सकाळी सहाला भरते, म्हणजे टणक होते तेव्हा आपण जागे असतो.

आणि डिसेंबरात पाचव्या दिवशीही पेट मऊच असेल तर? इथेच दरवर्षी चूक होत होती. बाटली बाजूला ठेवायची नाही, आणि वरून साखर तर अजिबात घालायची नाही. साखर भरपूर आहे, कमी आहे ती ऊब. सगळ्या बाटल्या आत आणते, फ्रिजच्या बाजूला जिथे भिंत कोमट असते तिथे, वरून जुनी शाल. आमच्याकडे तिथे डिसेंबरातही २५-२६ असतं. आणखी दोन दिवसांत नाही धरली तर सगळं परत बरणीत ओततो, ताजं फसफसतं विरजण घालतो आणि नव्याने सुरू करतो. तेवढा उरक नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून सरबत म्हणून दोन दिवसांत पिऊन टाकतो. तिसरा मार्ग आमच्या घरात आता नाही.

थंडीत संत्र्याची भर घालणाऱ्यांसाठी एक. आंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात असतात, आणि आल्यासोबत संत्र्याची चव फार सुरेख येते, मीही घालते. पण संत्र्याच्या रसातली साखरही हिशेबात धरायला हवी, तेवढी वरची साखर कमी करा. रस मलमलीतून दोनदा गाळा. गराचे बारीक कण राहिले तर उघडताना त्या प्रत्येक कणाभोवती बुडबुडे सुटतात आणि अर्धी बाटली फेस होऊन ओट्यावर जाते.

घरात जागा कोणती

फ्रिज. गॅस धरलेल्या बाटलीसाठी दुसरी जागा नागपुरात नाही. खालच्या फळीवर, मागे, उभ्या. दारात नको, दार सारखं उघडतं आणि प्रत्येक वेळी बाटली हिंदकळते. फ्रिजमध्येही आंबणं पूर्ण थांबत नाही, फार मंद होतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपवायची. वीज गेली तर दार उघडू नका, बंद फ्रिज चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर वीज आल्यावर चोवीस तास बाटलीला हात लावायचा नाही.

माठाबद्दल खूप जण विचारतात. मी करून बघितलं आहे. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात बाटल्या मानेपर्यंत, वर ओलं फडकं, आणि माठ उत्तरेच्या खिडकीत. बाहेर ४२ असताना वाळूत २७ मिळाले. आपल्याकडची एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, कूलर ज्यावर चालतो तेच हे. जुलैत हवा दमट झाली की कूलर जसा नुसती चिकचिक करतो तसा हा माठही निकामी होतो. मेमध्येसुद्धा २७ अंशांत आंबणं छान जोरात चालतं. तेव्हा माठ हा बाटल्या ठेवायचा उपाय नाही. फ्रिजमध्ये जागा होईपर्यंत, संध्याकाळपुरती सोय आहे. कूलरच्या टाकीत बाटल्या बुडवून ठेवणारे एक-दोन शेजारी मला माहीत आहेत. ते करू नका. तिथे पंप आहे, वीज आहे, आणि फुटलेली काच त्या गढूळ पाण्यात दिसत नाही.

गाडीत बाटली ठेवून बाजारात थांबायचं नाही, बंद गाडी उन्हात भट्टी होते. कोणाला न्यायचीच असेल तर पेटमध्ये भरून, बर्फाच्या डब्यात, आणि बाटलीवर काय आहे ते लिहून. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तिकडच्या नातेवाइकांकडे बिअरच्या रिकाम्या बाटलीत भरून काहीही नेऊ नका, मग ते कितीही साधं असो.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. आंबट, शिरक्यासारखा वास येत असेल तर हवा आत जातेय, क्लिपच्या बुचाची रबरी चकती बदला. ती वर्ष-दीड वर्षात कडक होते, आणि पावसाळ्यात तिच्याखाली काळी बुरशी धरते. पत्र्याची झाकणं पावसाळ्यात गंजतात, ती डब्यात तांदळासोबत ठेवा. उघडल्यावर फेस उसळतो पण चव चांगली आहे, तर बहुतेक ती पुरेशी गार झालेली नसते, किंवा तळाचा गाळ हलला. एक दिवस जास्त ठेवा, उभीच ठेवा, शेवटचं बोटभर ओतू नका.

या सगळ्यानंतर मी किती करते ते बदललं. पूर्वी एका वेळी बारा-पंधरा बाटल्या व्हायच्या, कारण एवढं आलं किसलंच आहे तर होऊन जाऊ दे, असं वाटायचं. आता फ्रिजच्या खालच्या फळीवर मागे सहा बसतात, म्हणून सहाच. ज्यांना खरंच वर्षभर साठवून ठेवायचं आहे त्यांच्यासाठी मी आल्याचा पाक करते. आल्याचा रस, त्याच्या दीडपट साखर, एक उकळी, गार झाल्यावर लिंबू. फ्रिजमध्ये तो महिनोन्महिने टिकतो, त्यात आंबायला काही जात नाही, आणि पाहुणे आले की दोन चमचे पाकावर गार सोडा ओतला की झालं. सासूबाईंना हाच जास्त आवडतो. माळ्यावर आता पातेली आणि दिवाळीच्या पणत्या आहेत.

वहीतली मागच्या थंडीची नोंद तशीच उतरवते, कोणाला ताळा करायचा असेल तर. १८ डिसेंबर, सकाळी ७, सहा काच, एक पेट, संत्र्याचा रस दोन वाट्या, साखर लिटरला ८०. ओट्याखाली २०. २१ तारखेला पेट मऊ, शाल घालून फ्रिजच्या बाजूला. २२ ला रात्री पेरू. २३ ला सकाळी ६ वाजता कैरी, सगळ्या फ्रिजमध्ये. शेवटची ५ जानेवारीला उघडली, फेस दोन बोटं, गाळ तळाशी.